उडती तबकडी घडवताना: जाहिरातीच्या खेळण्यावरचं माझं पहिलं काम

‘वजन जितकं कमी करता येईल तितकं करा, आणि वर आमचा लोगो मोठा हवा.’ माझ्या पहिल्या उडत्या तबकडीच्या कामाची मागणी एवढीच होती. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून मी भोसरीतल्या एका छोट्या प्रॉडक्ट डिझाइन ऑफिसात नुकतीच लागले होते. एका दूध संघाला शाळांच्या क्रीडास्पर्धांत वाटण्यासाठी दहा हजार तबकड्या हव्या होत्या. मी सरळ हिशेब केला: व्यास 22 सेंटिमीटर, जाडी सगळीकडे सारखी सव्वा मिलिमीटर, कडेला नावापुरता वाक. एलडीपीई या मऊ प्लास्टिकमध्ये हे सगळं पन्नास ग्रॅमच्या आत बसत होतं. स्क्रीनवर छान दिसली. शीट गरम करून तशीच एक नमुन्याची तबकडी काढली आणि सकाळी मैदानात फेकली. थोडं अंतर सरळ गेली, मग डावीकडे कलली आणि कड मातीत रुतवून पडली. वीस वेळा फेकली, वीस वेळा तेच.

या कामात नव्याने येणाऱ्यांना मला सगळ्यात आधी हे पडणंच समजावून सांगावंसं वाटतं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. तबकडी पुढे जाताना हवा तिला वर उचलते, पण हा उचल बरोबर मध्यावर लागत नाही, थोडा पुढच्या बाजूला लागतो. त्यामुळे तिचं नाक वर उठू पाहतं. ती फिरत नसती तर लगेच उलटली असती. फिरत असल्यामुळे ती भोवऱ्यासारखी वागते: धक्का पुढे लागला तरी त्याचा परिणाम पाव फेरा पुढे, म्हणजे बाजूला दिसतो. उजव्या हाताने नेहमीसारखी फेकलेली तबकडी वरून पाहिली तर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते आणि म्हणून डावीकडे कलते. कलणं पूर्ण थांबवता येत नाही, लांबवता येतं. त्यासाठी फिरण्यातला दम वाढवायचा, आणि तो दम वस्तुमान मध्यापासून किती लांब आहे त्यावर ठरतो. तेवढ्याच वजनाची सपाट चकती आणि नुसतं कडं घेतलं, तर कड्याचं जडत्व चकतीच्या दुप्पट असतं. माझ्या पहिल्या नमुन्यात वजन सगळीकडे सारखं पसरलं होतं, म्हणजे बरंचसं वाया गेलं होतं.

ही गोष्ट जुन्या लोकांनी हाताने शोधली होती. 1930च्या दशकाच्या शेवटी कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिकाच्या किनाऱ्यावर फ्रेड मॉरिसन आणि त्याची मैत्रीण ल्युसिल हे दोघं केकचा पत्र्याचा डबा एकमेकांकडे फेकत होते. पाच सेंटांचा तो डबा एकाने पंचवीस सेंटांना मागितला आणि मॉरिसनचा धंदा सुरू झाला. केकच्या डब्याची दुमडलेली कड म्हणजे फुकटात मिळालेलं कडेचं वजन. पुढे 1955मध्ये त्याने ‘प्लुटो प्लॅटर’ काढली, 1957मध्ये ती व्हॅम-ओ कंपनीकडे गेली आणि तिला ‘फ्रिस्बी’ हे नाव मिळालं. हे नाव त्या कंपनीचा ट्रेडमार्क आहे, म्हणून तुमच्या पाकिटावर किंवा कोटेशनमध्ये ते छापू नका. ‘फ्लाइंग डिस्क’ लिहा. वरच्या बाजूला कडेजवळ दिसणाऱ्या बारीक गोल रेघा एड हेडरिकच्या. 1967मध्ये त्याला त्यांचं पेटंट मिळालं. वरून वाहणारी हवा पृष्ठभागापासून लवकर सुटू नये, हे त्यांचं काम. मी त्या नक्षी समजून काढून टाकल्या होत्या.

दुसऱ्या आराखड्यात वरचा पडदा 1.1 मिलिमीटरवर आणला, त्यातून वाचलेलं प्लास्टिक आणि वर थोडं जास्तीचं कडेत घातलं. एकूण वजन सत्तर ग्रॅमच्या आसपास गेलं. अल्टिमेट या मोठ्यांच्या सांघिक खेळातली तबकडी 175 ग्रॅमची असते, त्यामानाने ही मुलांच्या हाताला हलकीच. पण मागणी ‘कमीत कमी’ची होती. आमच्या सरांनी वाद न घालता दोन्ही नमुने घेऊन संघाच्या साहेबांना ऑफिसबाहेरच्या मोकळ्या जागेत नेलं आणि म्हणाले, “तुम्हीच फेकून बघा.” तीन-चार फेकींत काम झालं. न उडणारी तबकडी त्याच दिवशी माळ्यावर जाते आणि लोगोही तिच्याबरोबर जातो, हे आकडे मांडून पटवता आलं नसतं.

खरी चूक मी पुढे केली. कड जड हवी म्हणून मी ती 4 मिलिमीटर जाड आणि 12 मिलिमीटर उंच अशी भरीव ठेवली. साच्यात वितळलेला माल मधल्या गेटमधून, म्हणजे आत शिरायच्या भोकातून येतो, पातळ पडद्यातून पसरत जातो आणि शेवटी जाड कडेत पोचतो. आता थंड होण्याचा क्रम बघा: पातळ पडदा आधी गोठतो आणि मागून दाब द्यायची वाटच बंद होते. कड आतून अजून गरम असते, ती आकसते आणि तिला भरून काढायला माल मिळत नाही. पहिल्या शॉटपासून कडेवर खड्डे पडले, कापून पाहिलं तर आत पोकळ्या होत्या. पोकळ्या एका बाजूला जास्त, म्हणून तबकडी हवेत थरथरायची. शिवाय कड उशिरा आकसल्यामुळे पडदा उन्हात वाळणाऱ्या पापडासारखा वाकायचा.

उपाय साधा होता: कड 2 मिलिमीटर जाड आणि 24 मिलिमीटर उंच. प्लास्टिक तेवढंच, फक्त उभं केलेलं. खालच्या बाजूने मध्यापासून कडेपर्यंत सहा किंचित जाड वाटा दिल्या, म्हणजे दाब शेवटपर्यंत पोचतो. सहाही नेमक्या सारख्या अंतरावर हव्यात, नाहीतर तोल पुन्हा बिघडतो. पण तोवर डाय, म्हणजे लोखंडी साचा, कापून झाली होती. साच्यातलं लोखंड आणखी कापता येतं, कापलेलं परत घालणं महाग पडतं. जाड कड पातळ करायला साच्यात बसवायची नवी इन्सर्ट रिंग बनवावी लागली आणि तीन आठवडे गेले. आमच्या डायमेकर काकांनी तेव्हा सांगितलेलं मी आजही पाळते: शंका असेल तिथे प्लास्टिक आधी पातळ धरायचं, ट्रायल घ्यायची, मग लागेल तसं लोखंड काढायचं.

थ्रीडी प्रिंटवर उड्डाण तपासत असाल तर एक ध्यानात घ्या. प्रिंटरमध्ये वापरतात त्या पीएलए प्लास्टिकची घनता 1.24च्या आसपास, एलडीपीईची 0.92. म्हणजे त्याच आकाराचा प्रिंट एक तृतीयांशाने जड आणि शिवाय कडक; तो अस्सल मालापेक्षा चांगला उडेल आणि तुम्हाला फसवेल. पकड आणि आकार बघायला मात्र उत्तम.

लोगोबद्दल. तबकडी हवेत फिरते तेव्हा त्यावरचं एकही अक्षर वाचता येत नाही. लांबून दिसतो तो रंग, आणि मध्याभोवतीची ठळक वर्तुळं. म्हणून रंग ग्राहकाचा ओळखीचा घ्या, नाव मध्यभागी मोठं ठेवा आणि पत्ता, फोन खालच्या बाजूला. गेटचं टोक वर आलं तर नेमकं लोगोच्या मध्यात उठतं, तेव्हा तिथे लहानसा खळगा आधीच ठेवा. एलडीपीईवर शाई धरत नाही. छपाईआधी पृष्ठभागावर फ्लेम (ज्योतीची) किंवा कोरोना (विजेच्या झोताची) ट्रीटमेंट लागते. छापलेल्या भागावर टेप चिकटवून झटक्यात ओढा, शाई निघाली तर लॉट परत पाठवा.

पाचशे नग हवे असतील तर डायच्या वाटेला जाऊ नका. कापडात स्प्रिंगची तार शिवलेली, घडी घालून पिशवीत मावणारी तबकडी घ्या. तिचं वजन मुळातच कडेला असतं. फक्त तारेचा जोड दोनदा तपासा, टोक कापडाबाहेर आलं तर डोळ्याला इजा होईल.

सुरक्षेत सूट नाही. 14 वर्षांखालच्या मुलांसाठीच्या खेळण्यांवर 1 जानेवारी 2021पासून आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, आयएस 9873 मानकानुसार चाचण्या होतात आणि फुकट वाटलं म्हणून खेळणं त्यातून सुटत नाही. कडेवरची फ्लॅश, म्हणजे साच्याच्या फटीतून बाहेर आलेली प्लास्टिकची पातळ धार, बोटाला लागते, शाईतले जड धातूही तपासले जातात. कामाचं वेळापत्रक आखतानाच या चाचण्यांचे दिवस धरा.

शिक्षणाचं विचाराल तर खेळण्यांच्या डिझाइनचा खास अभ्यासक्रम एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या गांधीनगर कॅम्पसवर आहे आणि 1969मध्ये सुरू झालेलं आयआयटी मुंबईचं डिझाइन केंद्र आयडीसी प्रॉडक्ट डिझाइन शिकवतं. पण मी म्हणेन, छत्रपती संभाजीनगरला साचेकाम शिकवणारी इंडो-जर्मन टूलरूम आणि प्लास्टिकचं तंत्र शिकवणारी सिपेट दोन्ही आहेत, तिथला एखादा छोटा कोर्स जरूर करा. साचा उघडताना जवळ उभं राहिल्याशिवाय जाडीचा अर्थ कळत नाही.

आता प्रत्येक नव्या लॉटमधले पहिले वीस नग मी थंड झाल्यावर स्वतः मैदानात नेते. वारा पडलेला असतो अशी सकाळची वेळ बघते. पाच नग मी फेकते, उरलेले तिथे खेळायला आलेल्या मुलांकडे देते आणि बाजूला उभी राहून मोजते, कितीजण दुसऱ्यांदा मागायला येतात.