प्रायमरीनंतरचा बुधवार

प्रायमरीची तयारी म्हटलं की आपली यादी मतदानाच्या मंगळवारी संध्याकाळी संपते. पत्रकं, दारोदार फिरायचे नकाशे, फोन, मतदारांना न्यायला गाड्या, पाण्याच्या बाटल्या, बस. मिशिगनमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या पुरोगामी गटांबरोबर काम करता करता मी ही यादी उलट्या बाजूने करायला शिकले. वहीत सगळ्यात आधी बुधवार लिहायचा. त्या सकाळी आपल्यातले निम्मे लोक हरलेले असतील. ते परत आपल्या सभेच्या खोलीत यावेत यासाठी आज काय करून ठेवायचं, यावर बाकीची सगळी यादी ठरते.

भारतातल्या वाचकांसाठी थोडं सांगते. इथे तिकीट दिल्लीहून येत नाही. पक्षाचा उमेदवार कोण, हे मतदार प्रायमरीत ठरवतात. त्यामुळे वर्षभर एकाच टेबलावर बसून आरोग्य विम्याची आणि किमान वेतनाची पत्रकं दुमडणारी माणसं चार महिने समोरासमोर उभी राहतात. परक्याशी भांडण झालं तर ते घरी जाताना मागे राहतं. हे भांडण मात्र स्वयंपाकघरापर्यंत येतं.

2016 च्या मार्चमध्ये, अध्यक्षपदाच्या प्रायमरीत, मी बर्नी सँडर्सच्या बाजूला होते. मिशिगनच्या चाचण्या हिलरी क्लिंटन वीसेक टक्क्यांनी पुढे असल्याचं सांगत होत्या आणि 8 मार्चच्या रात्री सँडर्स जिंकले. आम्ही नाचलो. समोरच्या घरातल्या बाई क्लिंटनसाठी काम करत होत्या. त्या रात्री मी त्यांच्याबद्दल जे बोललेय ते इथे लिहिणार नाही, पण ते त्यांच्या कानावर गेलं. जुलैत पक्षाच्या फिलाडेल्फियाच्या अधिवेशनात सँडर्सनी स्वतः क्लिंटन यांच्या नावाचा ठराव मांडला. तोवर मी प्रचाराचे फोन करणंही सोडलं होतं आणि समोरच्या घराकडे बघणंही. नोव्हेंबरमध्ये ट्रम्प मिशिगन 10,704 मतांनी जिंकले. अख्ख्या राज्यात मिळून एवढीच मतं, म्हणजे एका मतदान केंद्रामागे साधारण दोन. एक माझं घर आणि एक समोरचं, असा हिशेब मी किती वेळा केला असेन. त्यांच्या दारावर मी थाप मारली ती 2017 च्या जानेवारीत.

तेव्हा पहिलं काम म्हणजे हॉल. प्रायमरीनंतरच्या शनिवारचा हॉल आत्ताच घ्या, कोण जिंकणार हे कुणालाच माहीत नसताना. लायब्ररीची खोली चालते, चर्चचं तळघर चालतं. पैसे दोन्ही बाजूंच्या वर्गणीतून भरा आणि पावतीवर दोन्हीकडच्या एकेकाचं नाव घाला. निकालानंतर बोलावलेली सभा जिंकणाऱ्याची होते. निकालाआधी ठरलेली सगळ्यांची असते.

मग कागद. उमेदवारांचे स्थानिक कार्यकर्ते एका खोलीत असताना तीन वाक्यं लिहून खाली सह्या घ्या: लढत मुद्द्यांवर होईल, जो जिंकेल त्याला पाठिंबा देऊ, आणि नुसता पाठिंबा न देता कामाला येऊ. 2019 मध्ये इंडिव्हिजिबल या संघटनेने अध्यक्षपदाच्या उमेदवारांकडून जवळपास हाच शब्द घेतला होता. कागदाने कुणी बांधलं जात नाही, मान्य. पण जुलैत एखादा हमरीतुमरीवर आला की त्याच्याच अक्षरातली सही त्याच्यासमोर ठेवता येते, तीही आवाज न चढवता. तीन वाक्यांचं चौथं होऊ देऊ नका. लांबलेल्या कागदावर लोक भांडतात.

आता नियम ठरवा, नावं पुढे येण्याआधी. गट म्हणून कुणाला पाठिंबा द्यायचा की नाही, द्यायचा तर किती टक्के मतांनी, मत कोण देऊ शकतो, किती महिन्यांचं सभासदत्व हवं, मोजणी कोण करणार. मी ज्या गटात होते तिथे हे एकदा ऐन सभेत ठरलं. दोनतृतीयांश मतं हवीत असं सगळ्यांच्या डोक्यात होतं, पण लिहिलेलं कुठेच नव्हतं. आकडा थोडक्यात कमी पडला, तेव्हा कुणीतरी म्हणालं, साधं बहुमत पुरे. हात पुन्हा वर झाले. तिसऱ्या रांगेत एक निवृत्त शिक्षिका बसायच्या, हजेरीची वही सांभाळायच्या. त्यांनी वही मिटली, पेन वहीच्या तारेत अडकवलं, वही टेबलावर ठेवली आणि कोट घेऊन बाहेर गेल्या. मागोमाग अकरा जण गेले. त्यातले चारसुद्धा नंतर दिसले नाहीत. उमेदवारावरून गेले असते तर परत आले असते, पण ते गेले फसवलं म्हणून.

राष्ट्रीय पातळीवर हेच झालं होतं. 2016 च्या अधिवेशनाच्या तोंडावर पक्षाच्या राष्ट्रीय समितीचे ईमेल बाहेर आले आणि समिती तटस्थ नव्हती, ही सँडर्स समर्थकांची तक्रार खरी वाटू लागली. समितीच्या अध्यक्ष डेबी वॉसरमन शुल्ट्झ यांना पायउतार व्हावं लागलं. दोन वर्षांनी, 2018 च्या ऑगस्टमध्ये, पक्षाने नियम बदलला: चुरशीच्या लढतीत सुपरडेलिगेट, म्हणजे पक्षाचे पदसिद्ध प्रतिनिधी, अधिवेशनातल्या मतदानाच्या पहिल्या फेरीत मत देणार नाहीत. नियम बदलून दुखणं कमी होतं, हे तिथे दिसलं. म्हणून गटाच्या ईमेल यादीचा पासवर्ड, व्हॉट्सॲप ग्रुपचं ॲडमिनपद आणि पैशांची वही दोन बाजूंच्या दोघांकडे राहील असं बघा. ज्यांना उघडपणे प्रचार करायचा आहे त्यांनी चार महिने पद सोडावं. त्यात कमीपणा नाही.

शब्दांचं काय करायचं, यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. माझा नियम साधा आहे. समोरच्या उमेदवाराने कुठल्या विधेयकाला काय मत दिलं, पैसे कुणाकडून घेतले, काल काय म्हणाला आणि आज काय म्हणतो, हे सगळं बोला, ठणकावून बोला, पुरावा हातात ठेवून बोला. त्याच्या मनात काय आहे हे मात्र बोलू नका. ‘विकला गेलाय’ हे मनातलं झालं. ‘अमुक कंपनीच्या देणगी समितीकडून इतके डॉलर घेतले’ हे कागदावरचं. आणि त्याच्या मतदारांबद्दल तर काहीच बोलू नका. 2020 च्या जानेवारीत डे मॉइनच्या वादसभेनंतर सँडर्सच्या प्रतिस्पर्धी एलिझाबेथ वॉरन यांच्या पोस्टखाली सँडर्स समर्थकांनी हजारो सापांची चित्रं टाकली. सँडर्स आणि वॉरन यांचे कार्यक्रम शेजारी ठेवले तर बहुतेक पानं सारखी निघतील. त्या सापांनी दुखावलेल्या मैत्रिणी मला माहीत आहेत, आणि त्या सँडर्सवर रागावलेल्या नव्हत्या, आमच्यावर रागावल्या होत्या.

पण सभ्यता म्हणजे गप्प बसवणं नव्हे, हेही यादीत ठळक अक्षरांत लिहा. 27 फेब्रुवारी 2024 च्या प्रायमरीत मिशिगनमध्ये एक लाखाहून जास्त डेमोक्रॅटिक मतदारांनी बायडन यांच्याऐवजी ‘अनकमिटेड’, म्हणजे ‘कुणालाच बांधील नाही’, या चौकोनात खूण केली, गाझातल्या युद्धामुळे. अरब-अमेरिकन वस्ती मोठी असलेल्या डिअरबॉर्नमध्ये त्या प्रचारात फिरणारी मुलं दार वाजवून, नाव सांगून, बूट दाराबाहेरच ठेवून बोलत होती. त्यांच्या नात्यातली माणसं मेली होती. तरी आमच्यातले काही जण म्हणत होते की हे पक्षाचं नुकसान करताहेत, सूर जरा खाली घ्या. ज्याच्या घरात सुतक आहे त्याला हळू रड असं सांगायचं नसतं. ऑगस्टमध्ये शिकागोच्या अधिवेशनात या लोकांनी एका पॅलेस्टिनी-अमेरिकन वक्त्याला व्यासपीठावर थोडी मिनिटं मागितली. ती मिळाली नाहीत, आणि ते बाहेर फुटपाथवर रात्रभर बसून राहिले. नोव्हेंबरमध्ये डिअरबॉर्नमध्ये ट्रम्प पहिले आले. त्याची कारणं एकापेक्षा जास्त असतील, पण ती थोडी मिनिटं द्यायला हवी होती असं मला आजही वाटतं. तेव्हा प्रत्येक सभेत तक्रारीचा अर्धा तास आधीच राखून ठेवा, सभेच्या सुरुवातीला, लोक निघायला लागल्यावर नाही.

अफवांसाठी एक माणूस नेमा. 14 मे 2016 ला लास व्हेगासमध्ये पक्षाच्या नेव्हाडा राज्य अधिवेशनात नियमांवरून मोठा गदारोळ झाला आणि देशभर बातमी गेली की सँडर्सच्या लोकांनी खुर्च्या फेकल्या. चित्रफितीत दिसतं ते एवढंच: एकाने खुर्ची उचलली आणि आजूबाजूच्यांनी ती खाली ठेवायला लावली. फेकलेल्या खुर्चीचा पुरावा नाही. पण त्याच अधिवेशनानंतर पक्षाच्या तिथल्या राज्य अध्यक्ष रॉबर्टा लँग यांच्या फोनवर धमक्या आल्या, आणि त्या खऱ्या होत्या. एका बाजूने न घडलेल्या खुर्च्या उगाळल्या, दुसरीने घडलेल्या धमक्या झाकल्या. नेमलेल्या माणसाने दोन्हींकडे बघायचं. फोटो किंवा निरोप आला की ग्रुपवर टाकण्याआधी समोरच्या बाजूच्या ठरलेल्या माणसाला फोन करायचा. रात्री अकरानंतर काहीही पुढे पाठवायचं नाही, कारण सगळ्यात वाईट निरोप अकरानंतरच जातात.

मतदानाची माहिती देणारं पत्रक एकच छापा, दोन्ही बाजूंचं मिळून, उमेदवाराच्या नावाशिवाय. मिशिगनमध्ये मतदार म्हणून नाव नोंदवताना पक्ष लिहावा लागत नाही. ऑगस्टच्या प्रायमरीच्या मतपत्रिकेवर दोन्ही पक्षांचे रकाने शेजारी असतात आणि खुणा एकाच रकान्यात करायच्या असतात. दोन्हीकडे केल्या तर पक्षीय भागातलं मत बाद होतं. दर वेळी कुणीतरी ही चूक करतं. शिवाय जुलै-ऑगस्टमध्ये आपली निम्मी मंडळी मुलांच्या सुट्ट्यांमुळे पुण्या-नाशकात असतात. टपाली मतपत्रिका निवडणुकीच्या 40 दिवस आधी मिळू लागते, तेव्हा तिकीट काढतानाच अर्ज करा म्हणावं. मतदानाआधीच्या रविवारपर्यंत निदान नऊ दिवस केंद्रावर जाऊन आधी मत देण्याची सोयही आहे. हे पत्रक वाटायला दोन बाजूंचे दोघे एकत्र जातील असं बघा. एकाच रस्त्यावर भर उन्हात दोन तास चाललेली माणसं एकमेकांना सहजी साप म्हणत नाहीत.

आपल्या मराठी घरांसाठी वेगळा परिच्छेद हवा. 2018 मध्ये गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत तिघे होते: ग्रेचेन व्हिटमर, अब्दुल एल-सईद आणि बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार. कित्येक घरांत तिन्ही उमेदवारांच्या प्रचाराच्या पाट्या निघाल्या. आईवडिलांना आपला माणूस हवा होता, मुलगी एल-सईदसाठी दारं वाजवत होती, कारण त्यांच्या सभांना सँडर्स आणि पुरोगामी नेत्या अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्टेझ येऊन गेले होते, आणि काकू म्हणत होत्या की जिंकेल ती व्हिटमर. ‘तू मराठी असून?’ हा प्रश्न मी तेव्हा बऱ्याच दिवाणखान्यांत ऐकला. तो विचारायचा नाही, हे यादीत घाला. 7 ऑगस्टला व्हिटमर निम्म्याहून जास्त मतं घेऊन जिंकल्या, एल-सईदना तीसेक टक्के मिळाली, ठाणेदार तिसरे आले. हरलेल्यांनी व्हिटमर यांना पाठिंबा दिला, नोव्हेंबरमध्ये त्या सहज निवडून आल्या, आणि ठाणेदार पुढे 2022 मध्ये डेट्रॉइटमधून अमेरिकी संसदेत गेले. आमच्याकडे मात्र पाठिंब्याच्या पत्रकांपेक्षा गणपतीने जास्त काम केलं. 13 सप्टेंबरला गणपती बसले आणि त्याआधी उकडीचे मोदक वळायला तिन्ही पाट्यांच्या बायका एका ओट्याशी उभ्या होत्या. प्रायमरीनंतरच्या महिन्यात आपल्या गटाचं असं हाताने करायचं कोणतं काम आहे, ते शोधून ठेवा. शाळेची दप्तरं भरणं असो, मतदार नोंदणीचं टेबल असो. बोलण्याआधी हात एकत्र चालू द्या.

जिंकणाऱ्या बाजूची वेगळी यादी करा, आणि ती जास्त कडक असू द्या. पहिल्या रात्री विजयाची गाणी, मीम, ‘सांगितलं होतं ना’ यातलं काहीही ग्रुपवर नको. हरलेल्यांच्या कार्यक्रमातलं काय आपण घेणार आहोत, ते आठवड्याच्या आत नावानिशी सांगा. 2020 मध्ये सँडर्सनी 8 एप्रिलला प्रचार थांबवला, पाच दिवसांत बायडन यांना पाठिंबा दिला, आणि दोघांनी मिळून सहा विषयांवर गट नेमले. हवामानाच्या गटात बायडन यांच्या बाजूच्या जॉन केरींच्या शेजारी सँडर्सच्या बाजूच्या ओकासिओ-कोर्टेझ होत्या, आरोग्याच्या गटात तसंच विवेक मूर्तींच्या शेजारी प्रमिला जयपाल. सगळं मान्य झालं नाही, सगळ्यांसाठी सरकारी आरोग्य विमा तर नाहीच. पण लिहायला बसवलं होतं, हे लोकांच्या लक्षात राहिलं. तुमच्या गावच्या समितीतही दोन खुर्च्या खऱ्याखुऱ्या द्या. पत्रकं पाठवण्याचं काम, सभेचं अध्यक्षपद असं काहीतरी द्या, नुसते धन्यवाद नकोत.

दुसऱ्या पसंतीचाही विचार करा. न्यूयॉर्कच्या महापौरपदाच्या प्रायमरीत मतदार पाच नावांपर्यंत क्रम लावू शकतात, म्हणून 2025 च्या जूनमध्ये झोहरान ममदानी आणि ब्रॅड लँडर हे प्रतिस्पर्धी एकमेकांनाच पाठिंबा देऊन हातात हात घालून फिरले. आमच्या राज्याच्या मतपत्रिकेत ही सोय नाही. पण दारात उभं असताना ‘तुमची दुसरी पसंती कोण?’ हा प्रश्न कुणी अडवलेला नाही, आणि तो विचारताना आपलाच सूर बदलतो.

शेवटी फोनची यादी. दोन्ही बाजूंच्या वीस-वीस जणांची नावं, समोरासमोर, जोड्या लावून, प्रायमरीच्या आदल्या शनिवारीच छापून घ्या. नियम एकच: मंगळवारी रात्री जिच्या बाजूचा उमेदवार जिंकला तिने बुधवारी सकाळी फोन करायचा, नऊच्या आधी नाही आणि दुपारच्या पुढे ढकलायचा नाही. मत मागायचं नाही, देणगी मागायची नाही, शनिवारी येणार का हेही पहिल्या वाक्यात विचारायचं नाही. रात्री झोप लागली का, एवढं विचारायचं आणि समोरून जे येईल ते ऐकायचं. समोरच्या घरातल्या बाईंचं आणि माझं नाव या वेळीही एकाच ओळीत आहे. त्यांनी त्यापुढे पेन्सिलने लिहून ठेवलंय, ‘चहा माझ्याकडे’.