ऑफिसच्या डिसेंबर पार्टीला काय न्यायचं, किती न्यायचं आणि लोकलमधून कसं न्यायचं

डिसेंबर लागला की ऑफिसच्या ग्रुपवर कोणीतरी विचारतंच, ‘या वर्षी पॉटलक करूया का?’ पुढच्या दोन मिनिटांत तिघेजण ‘कोल्ड्रिंक माझ्याकडे’ लिहून मोकळे होतात. मग बिर्याणी, छोले, गाजरहलवा अशी नावं पडायला लागतात. प्रत्यक्ष त्या दिवशी छोले गार झालेले असतात, बिर्याणीचं पातेलं मायक्रोवेव्हमध्ये मावत नाही आणि वाट्या कोणीच आणलेल्या नसतात. पदार्थ ठरवायची घाई इथेच नडते. आधी दिवस आणि वेळ पक्की करा, म्हणजे काय आणता येईल आणि काय नाही हे आपोआप कळतं.

१. आधी कालनिर्णय उघडा

गुरुवार नको. मार्गशीर्ष बहुतेक वर्षी डिसेंबरातच असतो आणि त्यातल्या गुरुवारी ऑफिसातल्या बऱ्याच जणींचा महालक्ष्मीचा उपास असतो. शेवटच्या गुरुवारी तर उद्यापन आणि हळदीकुंकू, म्हणजे त्यांना घरी लवकर पोचायचं असतं. काही घरांत महिनाभर मटण-मासळी बंद असते ते वेगळंच. संकष्टी आणि एकादशीही त्याच पानावर दिसेल.

शुक्रवार सोयीचा, पण दुपारी एकची वेळ ठेवलीत तर जुम्म्याच्या नमाजाला जाणारे सहकारी चुकतात. संध्याकाळी साडेसात ठेवलीत तर सूर्यास्तानंतर न जेवणारी जैन मंडळी नुसती सरबत पीत उभी राहतात, कारण मुंबईत डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. शिवाय सात वाजले की विरार आणि बदलापूरवाल्यांचं अर्धं लक्ष घड्याळाकडे. हे सगळं जुळवून पाहिलं तर शुक्रवारी दुपारी चार ही एकच वेळ उरते. साहेबांचा आग्रह डिनरचाच असेल तर त्यांना हॉटेलात टेबल बुक करू द्या, पॉटलक चारलाच ठेवा.

२. यादीत पदार्थाच्या नावापुढे नग लिहा

समजा पंचवीस जण आहेत आणि दहा पदार्थ येणार आहेत. चार वाजता लोक दुपारचा डबा खाऊन आलेले असतात, त्यामुळे एक माणूस दहा-बारा नगांपलीकडे जात नाही. म्हणजे एकूण अडीचशे ते तीनशे नग आणि प्रत्येक पदार्थाचे २५ ते ३०. एवढेच पुरतात. पण घरी करणारा माणूस ‘पंचवीस जण आहेत, प्रत्येकी चार तरी हव्यातच’ म्हणून शंभर वड्या थापतो. दहाही जणांनी असाच हिशेब केला की टेबलावर हजार नग येतात. ‘कमी पडलं तर?’ ही आपल्याकडची जुनी धास्ती आहे, ती यादीत आकडा लिहिल्याशिवाय जात नाही.

नगांच्या शेजारी आणखी एक रकाना ठेवा, ‘यात काय आहे’. अख्खी पाककृती नको. ज्यावरून कोणाचं तरी अडतं तेवढंच लिहा: अंडं, कांदा-लसूण, बटाटा, शेंगदाणे, काजू, दारू. गाजरहलवा शाकाहारी असला तरी गाजर कंदमूळ असल्यामुळे कितीतरी जैन मंडळी तो खात नाहीत, हे करणाऱ्याच्या डोक्यातही येत नाही. प्लम केकचं तर हमखास होतं. पाकिटावर हिरवा ठिपका असेल तर अंडं नाही असं समजा, कारण आपल्याकडच्या नियमात अंडं मांसाहारात मोडतं आणि त्याला तपकिरी त्रिकोण लागतो. पण सुका मेवा रममध्ये भिजवलाय का, हे ठिपका सांगत नाही. ते बेकरीत विचारूनच घ्यावं लागतं.

पीजीत राहणाऱ्यांना आणि ज्यांना स्वयंपाकघरात शिरायचंच नाही त्यांना प्लेटा, चमचे, टिश्यू आणि कचऱ्याच्या पिशव्या द्या. कोल्ड्रिंकवाल्या तिघांपैकी दोघे इथे वळवता येतील. थर्माकोल आणि प्लास्टिकच्या ताटल्या, वाट्या, चमच्यांवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, तेव्हा सुपारीच्या पानांच्या प्लेटा घ्या. क्रॉफर्ड मार्केट, मशीद बंदरच्या गल्ल्यांत शेकड्यावर मिळतात.

३. आठ तास टिकेल असंच निवडा

चारच्या वेळेचा तोटा एकच. सकाळी आठला घर सोडलेला डबा चारला उघडणार. शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि आपला डिसेंबर काही दिल्लीचा नव्हे; दुपारी तीस अंशांच्या आसपास असतोच. ऑफिसचा फ्रिज म्हणजे आधीच कोणाचं तरी आठवड्यापूर्वीचं दही आणि चार बाटल्या. त्यामुळे रस्सा, कोशिंबीर, ओलं खोबरं पेरलेलं काहीही घरून आणू नका.

भाताबाबत तर हट्ट करूच नका. तांदळातल्या बॅसिलस सिरिअस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात तासन्‌तास बाहेर राहिला की ते वाढतात, आणि त्यांनी केलेलं विष नंतर कितीही गरम केलं तरी जात नाही. बिर्याणी हवीच असेल तर वर्गणी काढा आणि साडेतीनला हॉटेलातून मागवा. त्यात कमीपणा काही नाही.

घरून आणायला तिखटमिठाच्या पुऱ्या, शंकरपाळे, कडबोळी, चिवडा, तिळाच्या वड्या आणि गूळपोळी उत्तम. गूळपोळी तर दुसऱ्या दिवशी जास्त खुलते, फक्त चौकोनी तुकडे करून आणा, अख्खी पोळी उभ्याने खाता येत नाही. वसईचं कोणी ऑफिसात असेल तर कुलकुल आणि नेवऱ्या हा नाताळचा गोड फराळ त्यांच्याकडे सोपवा आणि पुढे काही बोलू नका. पुण्याहून येणारा बाकरवडी आणणारच, ती यादीत आधीच धरा. आणि खिडक्या बंद असलेल्या एसीच्या मजल्यावर सुकट नको. मला ती अतिशय प्रिय आहे, तरीही नको.

४. एक पदार्थ टेबलावरच करा: भेळ

सगळं कोरडं असलं की पार्टी दिवाळीच्या उरलेल्या फराळासारखी वाटायला लागते. त्यावर उपाय भेळ. शेगडी लागत नाही, सगळं सुटं येतं, आणि कालवणाऱ्याभोवती लोक जमतात.

पंचवीस छोट्या वाट्यांना अर्धा किलो कुरमुरे, पाव किलो बारीक शेव, पाव किलो फरसाण, चार कांदे, चार टोमॅटो, पाच उकडलेले बटाटे आणि अर्धा लिटर गोड चटणी लागते. चटणीसाठी १०० ग्रॅम चिंच, १५० ग्रॅम खजूर आणि १५० ग्रॅम गूळ भिजवून उकळा, गाळा, मग धणे-जिरे पूड, लाल तिखट आणि पादेलोण घाला. आदल्या रात्री करून फ्रिजमध्ये ठेवा. हिरवी चटणी आलं-लसूण न घालता वाटा. कोथिंबीर, पुदिना, मिरची, लिंबू एवढ्यावर छान होते आणि सगळ्यांना चालते. बटाटा आणि ही चटणी ऑफिसात पोचल्या पोचल्या फ्रिजमध्ये गेली पाहिजे, तेवढी जागा आदल्या दिवशीच करून ठेवा.

कुरमुरे मुंबईच्या हवेत हां हां म्हणता सादळतात. सकाळी कढईत मंद आचेवर परतून घ्या. बोटांत दाबल्यावर चुरचुरले की झाले. पूर्ण गार झाल्याशिवाय पिशवी बांधू नका. कांदा ऑफिसातच चिरा, घरून चिरलेला कांदा दुपारपर्यंत उग्र होतो.

पहिलं पातेलं जैन भेळेचं करा: कांदा-बटाटा नाही, बटाट्याऐवजी उकडलेलं कच्चं केळं आणि वर डाळिंबाचे दाणे. त्यानंतर त्याच पातेल्यात बाकीची. उलट क्रमाने केलीत तर पातेलं मधेच विसळावं लागेल. आणि एका वेळी सहा-सात वाट्यांपुरतीच कालवा, पंचवीस जणांची एकदम कालवली तर शेवटच्या माणसाला चिंचेतला लगदा मिळतो.

५. लोकल

कडीचा स्टीलचा डबा, तळ सपाट, वरून मोठं रबर, आणि मापात बसणारी कापडी पिशवी. गरम पदार्थ झाकण लावून बंद करू नका, वाफ धरते आणि पुऱ्या लिबलिबीत होतात. रात्रीच तळून कागदावर पसरून ठेवलेल्या बऱ्या. नेहमीच्या फास्टऐवजी त्या दिवशी अर्धा तास आधीची स्लो पकडा, रॅकवर जागा मिळते. रॅकवर ठेवलेला डबा उतरताना विसरायचा नसेल तर आपली नेहमीची बॅगही त्याच्याच शेजारी ठेवा. झाकणावर आणि बुडावर, दोन्हीकडे नाव हवं.

६. टेबल मांडताना

एका टोकाला जैन, मधे शाकाहारी, आणि मांसाहारी शक्य तर दुसऱ्याच टेबलावर. प्रत्येक भांड्याला स्वतःचा चमचा आणि समोर चिठ्ठी. यादीतला ‘यात काय आहे’ हा रकाना तसाच चिठ्ठीवर उतरवा.

कोणी हात लावण्याआधी सिक्युरिटीच्या काकांच्या, हाउसकीपिंगच्या मावशींच्या आणि पेंट्रीतल्या मुलांच्या प्लेटा भरून बाजूला काढा. शेवटी उरलेलं नेऊन देणं बरं दिसत नाही, आणि साडेपाचला सहसा चिवड्याचा चुराच उरतो. भाषणं झाकणं उघडण्याआधी उरकून घ्या.

७. उरलेलं आणि डबे

कोरडं ते हवाबंद डब्यात घालून पेंट्रीत ठेवा, सोमवारी चहाबरोबर संपतं. मागवलेली बिर्याणी आणि कालवलेली भेळ दोन तासांनंतर टाकून द्या, घरी नेऊ नका आणि कोणाला देऊही नका. डबे त्याच संध्याकाळी विसळा. एसी बंद झालेल्या मजल्यावर शनिवार-रविवार राहिलेला डबा सोमवारी उघडवत नाही. झाकण एकाचं आणि डबा दुसऱ्याचा असा घोळ व्हायचाच, तेव्हा निघण्यापूर्वी ओट्यावर सगळे डबे मांडून एक फोटो ग्रुपवर टाका.