सिम्युलेटरवर ७३७चा बॅरल रोल
चाचणी वैमानिक टेक्स जॉन्स्टन यांनी १९५५ला सिएटलजवळ बोइंगच्या डॅश ८० विमानाचा बॅरल रोल, म्हणजे उडता उडता उलटं होऊन पुन्हा सरळ होणारी पूर्ण गिरकी, केला होता. आपण तो लॅपटॉपवरच करायचा, खऱ्या प्रवासी विमानात मनाई आहे. एअरबस घेऊ नका. तिचा संगणक एरवी ६७ अंशांपुढे कलूच देत नाही. बोइंग ७३७ घेऊन नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून उडा, उमरेडच्या शिवारावर १५,००० फूट, २८० नॉट, ऑटोपायलट बंद. जॉयस्टिक ओढून नाक २०-२५ अंश उचला, ओढ सैल करा, मग स्टिक पूर्ण एका बाजूला. उलटे असताना जोरात ओढलं की नाक जमिनीकडे जातं, वेग हाताबाहेर. घोळ बहुतेक इथेच होतो. पंख सपाट होताच स्टिक मधे आणून नाक हळूच उचला. आणि मे महिन्यात कूलरची ओली हवा लॅपटॉपवर सोडू नका.