ओटीटीला सिनेमा द्यायचाय? आधी कागदांची फाइल लावून घ्या

मराठी सिनेमा ओटीटीला किंवा सॅटेलाइटला, म्हणजे टीव्ही वाहिनीला, द्यायची बोलणी पुढे सरकली की समोरच्या कंपनीचा वकील सर्वात आधी मालकीची साखळी मागतो. धंद्यात तिला चेन ऑफ टायटल म्हणतात. कथेच्या पहिल्या मालकापासून आज सिनेमा विकणाऱ्या निर्मात्यापर्यंत कोणता हक्क कुणाकडून कुणाकडे आला, हे सह्यांनिशी दाखवणारे कागद म्हणजे ही साखळी. एक कडी जरी सुटली तरी पैसे अडकतात. सिनेमा चालल्यावर ती कडी जोडायला जाल, तर ज्याची सही हवी त्याचा भाव तोवर वाढलेला असतो. म्हणून मीडिया वकिलाची वेळ घेण्याआधी पुढची फाइल घरीच लावून घ्या. वकिलाचे तास कागद शोधण्यात गेले तर बिल तुमचंच वाढतं.

सुरुवात नावांपासून करा. ज्याचं काम पडद्यावर दिसतं किंवा ऐकू येतं, अशा प्रत्येकाचं नाव, काम, कराराची तारीख आणि दिलेली रक्कम एका कागदावर मांडा. मग प्रत्येक करारात निर्माता म्हणून कोणाचं नाव आहे ते तपासा. लेखकाचा करार मालकाच्या वैयक्तिक नावावर, गाण्यांचा बॅनरच्या (निर्मितीसंस्थेच्या) नावावर आणि सेन्सॉर सर्टिफिकेट नंतर काढलेल्या एलएलपीच्या (मर्यादित दायित्वाच्या भागीदारी संस्थेच्या) नावावर, हा घोळ नेहमीचा आहे. कायद्याच्या नजरेत एलएलपी मालकाहून वेगळी व्यक्ती आहे, आणि बॅनर ही कंपनी असेल तर तोही वेगळा. त्यांच्यामधले हस्तांतराचे कागद नसतील तर ते आधी करून घ्या. सहनिर्माते आणि पैसे लावणारे असतील तर त्यांचे करार आणि ना हरकत पत्रंही याच गठ्ठ्यात ठेवा.

यानंतर कथेचं मूळ बघा. कादंबरी, नाटक किंवा मासिकातली कथा आधाराला घेतली असेल, तर चित्रपटाचे हक्क लेखकाकडेच राहिले होते की प्रकाशकाला दिले गेले होते, हे त्या दोघांमधला करार वाचून ठरवा. प्रकाशकाच्या तोंडी ‘हो’वर जाऊ नका. लेखक हयात नसेल तर सगळ्या वारसांच्या सह्या लागतात, एकट्या थोरल्या मुलाची पुरत नाही. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क टिकतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांच्या हयातीत छापलेलं लेखन १ जानेवारी २०११ पासून सर्वांना खुलं आहे. पण त्याच लेखनाचं नंतर कुणी नाट्यरूपांतर केलं असेल, तर त्या रूपांतराचा हक्क वेगळा असतो आणि तो जिवंत असू शकतो.

कथा, पटकथा आणि संवाद या तीन श्रेयांसाठी तीन माणसं असतील तर तीन करार हवेत. इथे सर्वात जास्त नुकसान करणारं वाक्य म्हणजे ‘सदर कथेचे सर्व हक्क निर्मात्याकडे राहतील’. वाचायला भक्कम वाटतं, पण कॉपीराइट कायद्याचं कलम १९ त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघतं. मुदत लिहिलेली नसेल तर हस्तांतर ५ वर्षांचं धरलं जातं. प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारतापुरतं. म्हणजे २०१९ मध्ये असा कागद केला असेल, तर २०२५ मध्ये जगभराचे हक्क मागणाऱ्या प्लॅटफॉर्मला द्यायला तुमच्या हातात काहीच उरलेलं नाही. तिसरा फास याहून कमी लोकांना माहीत असतो. घेतलेला हक्क एका वर्षात वापरला नाही तर हस्तांतर आपोआप संपतं, करारात वेगळं लिहिलेलं असेल तरच ते टिकतं. मराठीत कथा घेतल्यापासून शूटिंग लागेपर्यंत दोन-तीन वर्षं सहज जातात, त्यामुळे हे वाक्य करारात असायलाच हवं. एकूण काय, कोणतं लेखन, कोणते हक्क, कुठल्या माध्यमांत, किती वर्षं, कुठल्या प्रदेशात आणि किती मोबदल्यात, या प्रत्येक गोष्टीखाली पेन्सिलीने रेघ मारून बघा. जिथे रेघ मारता येत नाही तिथे खूण करा आणि वकिलाला तिथूनच सुरुवात करायला सांगा.

कराराबरोबर पैसे पोचल्याचा बँकेचा पुरावाही लावा. रोखीने दिलं असेल तर पावती हवी. मुद्रांकाचंही तसंच आहे. महाराष्ट्रात तो सहीच्या आधी, सहीच्या वेळी किंवा फार तर पुढच्या कामाच्या दिवशी भरायचा असतो, आणि पुरेसा भरला नसेल तर फरक आणि दंड भरेपर्यंत तो करार कोर्टात पुरावा म्हणून घेतला जात नाही. किती भरायचा हे मजकुरावर आणि रकमेवर ठरतं, सरसकट ५०० रुपयांच्या बाँडवर काम भागेलच असं नाही. आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो: राहून गेलेल्या करारावर मागची तारीख टाकू नका. स्टॅम्पवर तो घेतल्याची तारीख असते आणि समोरचा वकील आधी तीच बघतो. आजच्या तारखेचा दुजोरा देणारा करार करा आणि काम केव्हा झालं, पैसे केव्हा दिले, हे त्यात सरळ लिहा.

संगीताला सर्वात जास्त वेळ ठेवा. गीतकार, संगीतकार, गायक, संगीत संयोजक, पार्श्वसंगीतकार यांचे करार वेगवेगळे हवेत. ऑडिओ हक्क म्युझिक लेबलला विकले असतील तर तो करार पुढे ठेवा, कारण लेबलला काय दिलं आणि सिनेमासोबत गाणं दाखवायचा हक्क तुमच्याकडे राहिला का, हे त्यातूनच कळतं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटात वापरलेल्या लेखनाचा किंवा संगीताचा कर्ता, थिएटरबाहेरच्या वापरासाठी मिळणारा रॉयल्टीतला समान वाटा सोडूनच देऊ शकत नाही. ‘एकरकमी मानधन मिळाले, पुढे कोणतीही मागणी नाही’ असं त्याच्याकडून लिहून घेतलं तरी तेवढा भाग टिकत नाही. हा नियम न्यायाचा आहे. निर्मात्याने तो टाळायची वाट शोधू नये, हिशेबात धरावा. गीतकार-संगीतकार आयपीआरएसचे, म्हणजे त्यांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचे, सभासद आहेत का हेही विचारून घ्या. संस्थेला आधी दिलेल्या हक्कांच्या विरोधात जाणारं हस्तांतर कायद्याने रद्द ठरतं.

मग क्यू शीट करा, म्हणजे सिनेमात कुठे कोणतं संगीत किती वेळ येतं याची यादी. हा कंटाळवाणा कागद आहे, पण सिनेमा प्लॅटफॉर्मच्या ताब्यात देताना सगळ्यात जास्त अडतं ते यावरच. समजा ४१ व्या मिनिटाला देवघरात आजी तुकोबांच्या अभंगाच्या दोन ओळी गुणगुणते. ओळ अशी भरा: ००:४१:१० ते ००:४१:३२, २२ सेकंद, पात्र गुणगुणतं, शब्द कोणाचे, चाल कोणाची, परवानगीच्या पत्राची तारीख. तुकोबांचे शब्द सर्वांचे आहेत. पण आपल्या कानात बसलेली चाल बहुधा रेडिओ आणि तबकडीच्या काळातल्या संगीतकाराची असते. त्याच्या मृत्यूला ६० वर्षं झाली नसतील तर त्या चालीची परवानगी लागते. मूळ ध्वनिमुद्रणच वाजवलं असेल तर त्याचा हक्क आणखी वेगळा. ‘तीस सेकंदांपर्यंत चालतं’ हा समज सर्वत्र पसरलेला आहे, कायद्यात तसा नियम कुठेही नाही. पार्श्वसंगीतात विकत घेतलेले लूप (पुन्हा पुन्हा वाजवायचे तयार ध्वनितुकडे) वापरले असतील तर त्यांचे परवानेही संगीतकाराकडून आत्ताच मागवा.

कलाकारांच्या बाबतीत, सिनेमात काम समाविष्ट करायला दिलेली लेखी संमती हवी. ती असली की वेगळं काही ठरलेलं नसल्यास निर्मात्याच्या वापराला कलाकार हरकत घेऊ शकत नाही. डबिंगचा आवाज दुसऱ्याचा असेल तर त्याचाही करार लागतो. एआयने आवाज किंवा चेहरा बनवायची मुभा वेगळी आणि स्पष्ट शब्दांत घ्या. जुन्या करारातल्या ‘सर्व माध्यमांत’ या शब्दांवर विसंबू नका. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची एआय नक्कल करण्यावर अंतरिम मनाई केली. बालकलाकार असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, पालकांची संमती आणि उत्पन्नातले किमान २० टक्के मुलाच्या नावे मुदत ठेवीत ठेवल्याची पावती लावा. दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, आणि विश्रांतीशिवाय सलग ३ तासांच्या वर नाही.

दिग्दर्शकाचं थोडक्यात. भारतात चित्रपटाचा कर्ता निर्माता धरला जातो, दिग्दर्शक नाही. पण दिग्दर्शकाने सेटवर संवाद लिहिले असतील तर तो तेवढ्यापुरता लेखकही आहे, म्हणून त्याचा लेखनाचा करार वेगळा करा.

आता सिनेमा एकदा आवाज बंद करून बघा आणि फक्त भिंती, पडदे, स्क्रीन यांवर नजर ठेवा. मागे सहज आलेल्या चित्राला कायदा सवलत देतो. पात्रं समोरच्या टीव्हीवर जुना सिनेमा बघत असतील तर ती क्लिप परवानगीचीच. श्रेयनामावलीचा देवनागरी फॉन्ट सहसा कुणी तपासत नाही. डिझायनरला परवाना मागा. ‘मुक्ता’सारखे खुल्या परवान्याचे फॉन्ट असताना उसन्या फॉन्टवर सिनेमा अडकवायची गरज नाही.

सिनेमाच्या नावावर कॉपीराइट नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. निर्मात्यांच्या संस्थेत केलेली शीर्षक नोंदणी सभासदांमधल्या शिस्तीसाठी उपयोगी आहे, मालकीचा पुरावा नाही. मालिका किंवा पुढचे भाग काढायचे असतील तर ट्रेडमार्कचा अर्ज वर्ग ४१ (मनोरंजन सेवा) मध्ये करा. सेन्सॉर सर्टिफिकेटबरोबर कटची यादी जोडा, आणि बैल, कुत्रा, घोडा पडद्यावर असेल तर पशु कल्याण मंडळाची शूटिंगआधीची परवानगी व नंतरचं प्रमाणपत्र, दोन्ही.

बरीच बोलणी व्हॉट्सअपवर झालेली असतात. ती उडवू नका आणि तो फोन विकू नका. जालन्याच्या निवडणूक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं की मूळ उपकरणच कोर्टात आणणार नसाल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र लागतंच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली त्याचे दोन भाग आहेत, एक पुरावा सादर करणाऱ्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा, आणि दोन्हींत फाइलचं हॅश मूल्य येतं, म्हणजे फाइल बदलली गेली का हे ओळखायला संगणकाने काढलेला आकडा. नुसते स्क्रीनशॉट काढून थांबू नका. पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करून वेगळ्या डिस्कवर ठेवा आणि त्याच दिवशी हॅश काढून लिहून ठेवा.

वकिलाला स्कॅन पाठवताना प्रत्येक फाइलच्या नावात आधी तारीख, मग माणसाचं नाव, मग काम लिहा. मूळ कागद सोबत न्या, समोर ताडून दाखवा आणि परत घरी आणा. सोबत नसलेल्या कागदांची वेगळी यादी द्या आणि प्रत्येकापुढे तो माणूस आज कुठे आहे, तुमच्याशी बोलतो का, हे खरं लिहा. कोणाकडे आधी जायचं हे वकील त्या रकान्यावरून ठरवेल.