छोट्या बुलेटला खऱ्या तारांची चाकं

मोटारसायकलचं मॉडेल खेळणं वाटतं की गाडी, हे चाकांवर ठरतं. एकास बारा मापात १ मिलिमीटर म्हणजे खऱ्या गाडीचे १२. साच्यातून आलेला प्लास्टिकचा स्पोक पाऊण मिलिमीटर जाड असला, तर तो खऱ्या बुलेटवर ९ मिलिमीटरची सळई झाला. इंजिनावर कितीही मेहनत घ्या, नजर त्या सळयांवरच अडते.

गाडी सुटी करा, जुने स्पोक कापा, रिम आणि हब (चाकाच्या मधला तुंबा) घासून रंगवा.

तारेसाठी मासेमारीची नायलॉन दोरी वापरायचा सल्ला सगळीकडे मिळतो. तो ऐकू नका. नायलॉन पुढे सैल पडतो आणि त्याला लोखंडाची चमक कधीच येत नाही. गिटारची ०.०१२ इंची साधी पोलादी तार आणा. ती ०.३ मिलिमीटर भरते, म्हणजे खऱ्या मापात साडेतीन मिलिमीटरच्या आसपास. बुलेटच्या एका चाकात ४० स्पोक असतात. पंचवीस मिलिमीटरचे ८० तुकडे लागतील, वर दहा-वीस जास्तीचे. कापताना चष्मा लावाच, ही तार तुटली की उडते.

निपलसाठी, म्हणजे स्पोकच्या रिमकडच्या टोकावरच्या बारीक नळीसाठी, २३ नंबरची नवी इंजेक्शनची सुई घ्या. आत तार घालून ती ब्लेडखाली फिरवत मिलिमीटरभराचे तुकडे पाडा. तार नसेल तर सुई चेपते.

आता खरं काम. माझं पहिलं चाक मी सलग एका बाजूने तारा ओढत भरलं. विसाव्या तारेला हब मिलिमीटरभर सरकला होता आणि प्लास्टिकची रिम अंडाकृती झाली होती. दोन संध्याकाळी वाया गेल्या. तेव्हापासून फर्म्याशिवाय, म्हणजे रिम आणि हब जागच्या जागी धरणाऱ्या साच्याशिवाय, मी चाकाला हात लावत नाही. ६ मिलिमीटरच्या एमडीएफच्या (लाकडी भुशाच्या) फळीवर रिम घट्ट बसेल असं पुठ्ठ्याचं कडं चिकटवा. १९ इंची रिम या मापात साधारण ४० मिलिमीटरची होते. बरोबर मध्यावर खिळा ठोका आणि त्यात हब अडकवा. हबखाली कागदाच्या चकत्या घालत त्याची उंची रिमच्या मधोमध आणा. हे घाईत केलंत, तर पुढचं सगळं व्यर्थ.

रिमवर दर ९ अंशांवर ०.३५ मिलिमीटरचं भोक पाडा, हबच्या प्रत्येक कडेला वीस. रिमची भोकं एक आड एक डाव्या-उजव्या कडेची. एका कडेच्या दहा तारा एकीकडे कलतात, दहा उलट. एक तार किती तारांना छेदते ते खऱ्या चाकाच्या फोटोवरून मोजा, अंदाजाने नको.

तारेचं एक टोक दीड मिलिमीटर काटकोनात वाकवा. निपल ओवा, लांब टोक आतून रिमच्या भोकात घालून बाहेर ढकला, मग वाकलेलं टोक हबमध्ये अडकवा. तार फक्त सरळ होईल एवढीच ओढा. वरून चार तारा, समोरासमोर. चाक पलटून खालून चार. इथे थांबा आणि चाक फिरवून बघा. चाक आऊट असेल, म्हणजे फिरताना डुलत असेल, तर तो आऊट आत्ताच काढा, सगळ्या तारा भरल्यावर निघत नाही. उरलेल्याही समोरासमोरच्या जोडीनेच भरा.

चिकटवायला फेविक्विक नको. त्याच्या वाफेने क्रोमवर पांढरी झाक बसते आणि ती पुसून जात नाही. सावकाश वाळणारं अ‍ॅराल्डाइट दातकोरण्याच्या टोकाने लावा, रिमच्या बाहेरच्या अंगाने, जिथे टायर झाकतो. हबला अगदी ठिपका. रात्रभर हलवू नका. सकाळी बाहेर आलेली टोकं कापून कानसीने सपाट करा, नाहीतर टायर बसणार नाही.

क्लच आणि ब्रेकच्या केबलला अर्धा मिलिमीटरची सोल्डर तार काळी रंगवून वापरा, ती वाकवाल तशी राहते. प्लगच्या वायरीला ०.६ मिलिमीटर. सीटला जुन्या हातमोज्याचं पातळ चामडं पुरतं. चाकं मात्र सर्वात शेवटी, गाडी पूर्ण जोडून झाल्यावरच चढवा.