काजूच्या पावत्या: एक्सएमएल फाइल पोस्टग्रेसमध्ये आणायची कशी, विचारायची कशी

समजा, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका काजू खरेदी केंद्राच्या बिलिंग प्रोग्रामने हंगामाच्या शेवटी सगळ्या पावत्यांची एकच एक्सएमएल फाइल काढून दिली आहे. हवे आहे ते साधेच: कुठल्या गावातून किती किलो बी आली आणि सरासरी दर काय पडला. फाइल अशी आहे:

<खरेदी>
  <पावती क्रमांक="1187" तारीख="2024-03-28">
    <गाव तालुका="सत्तरी">केरी</गाव>
    <पोते><वजन>78.5</वजन><दर>115</दर></पोते>
    <पोते><वजन>80.25</वजन><दर>115</दर></पोते>
  </पावती>
  <पावती क्रमांक="14" तारीख="2024-04-12">
    <गाव तालुका="फोंडा">केरी</गाव>
    <पोते><वजन>41.5</वजन><दर/></पोते>
  </पावती>
</खरेदी>

टॅगची, म्हणजे कोनी कंसांतली, नावे देवनागरीत चालतात. तुमच्या फाइलीत ती इंग्रजीत असतील, तर कॅपिटल-स्मॉल अक्षरे तंतोतंत जुळवा. एक्सएमएल त्यात सूट देत नाही.

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये एक्सएमएल नावाचा डेटा टाइप आहे, म्हणून फाइल त्यात टाकून रोजच्या क्वेरी त्याच्यावरच चालवायचा मोह होतो. तो टाळावा. या टाइपला बरोबरीची तुलना नाही, त्यावर थेट इंडेक्स बसत नाही आणि प्रत्येक क्वेरीला अख्खा मजकूर नव्याने पार्स होतो, म्हणजे वाचून त्याची रचना पुन्हा उलगडावी लागते. एक्सएमएल उंबरठ्यापर्यंत येऊ द्यावे: कच्ची प्रत एका टेबलात जपून ठेवायची, ती एकदाच फोडून साध्या टेबलांत भरायची आणि पुढचे सगळे एसक्यूएलने, म्हणजे डेटाबेसच्या नेहमीच्या भाषेत, करायचे.

आधी फाइल तपासा

डेटाबेसला हात लावण्यापूर्वी फाइल एक्सएमएललिंट या तपासणीच्या आज्ञेतून ‘नो-आउट’ पर्याय देऊन काढा. काही छापून आले नाही तर रचना ठीक. चूक असेल तर ओळीचा क्रमांक मिळतो. डेटाबेसच्या त्रुटीपेक्षा ही वाचायला कितीतरी सोपी.

सर्वांत जास्त वेळा अडवतो तो सुटा अँपरसँड. गोव्यातल्या ग्राहकयाद्यांत ‘बार & रेस्टॉरंट’ पावलोपावली भेटते, आणि हे चिन्ह एक्सएमएलमध्ये नुसते लिहिता येत नाही. सगळे अँपरसँड एका झटक्यात बदलायला जाऊ नका. जे आधीच नीट लिहिलेले आहेत ते दुसऱ्यांदा बदलले जातात. निर्यात करणारा प्रोग्रामच दुरुस्त होत असेल तर उत्तम, नाहीतर ज्यांच्या पुढे नाव आणि अर्धविराम नाही तेवढेच शोधून बदला.

टॅलीतून काढलेल्या फाइलींत आणखी एक खास प्रकार असतो: मजकुरात मध्येच &#4; दिसते. हे नियंत्रणचिन्ह एक्सएमएल १.० मध्ये निषिद्ध आहे, त्यामुळे पार्सर तिथेच थांबतो. ही चार अक्षरे रिकाम्याने बदलली की काम होते. मात्र फाइल यूटीएफ-१६ या एन्कोडिंगमध्ये (अक्षरे बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीत) असेल तर साधी शोध-बदल आज्ञा तिला शोधूच शकत नाही. म्हणून आधी आयकॉन्व्ह या एन्कोडिंग बदलणाऱ्या आज्ञेने यूटीएफ-८ करा, मग साफसफाई. हे रूपांतर तसेही लागतेच, कारण मजकूर म्हणून आलेल्या एक्सएमएलच्या पहिल्या ओळीतली एन्कोडिंगची घोषणा पोस्टग्रेस विचारातच घेत नाही.

कच्ची प्रत

टेबलाचे नाव ‘कच्च्या_फाइली’ ठेवू. स्तंभ चार: आयडी, फाइलीचे नाव, आणल्याची वेळ आणि मजकूर, यातला मजकूर एक्सएमएल टाइपचा. पाचवा स्तंभ फाइलीच्या एसएचए-२५६ ठशाचा (मजकुरावरून काढलेल्या ओळखखुणेचा) ठेवून त्यावर युनिक बंधन घाला, म्हणजे एकच फाइल दोनदा भरली जाणार नाही. हा ठसा काढणारे फंक्शन आवृत्ती ११ पासून डेटाबेसमध्येच आहे.

स्तंभांची नावे देवनागरीत ठेवली तर अवतरणचिन्हांचीही गरज नाही, पण लांबी सांभाळा. मर्यादा ६३ बाइटची आहे, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक अक्षर, प्रत्येक मात्रा ३ बाइट खाते. म्हणजे जेमतेम २१ चिन्हे. ‘बागायतदाराचे_नाव_आणि_गाव’ हे नाव ६६ बाइटचे भरते. पोस्टग्रेस शेवटचा ‘व’ कापून ‘…गा’ ठेवतो आणि त्रुटी न देता नुसती सूचना छापतो. सूचना नजरेतून सुटली की पुढे कोड आणि टेबल यांचा मेळ का बसत नाही, ते कळत नाही.

फाइल आत घ्यायला कॉपी आज्ञा वापरू नका. ती प्रत्येक ओळीला टेबलाची स्वतंत्र रांग (रो) समजते, टॅबला स्तंभांची सीमा मानते आणि बॅकस्लॅशचा वेगळाच अर्थ लावते. पीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या आज्ञा-खिडकीत बॅकस्लॅश-सेट आज्ञेने, उलट्या अवतरणात कॅट देऊन, फाइल एका चलात वाचा आणि इन्सर्टमध्ये ते चल कोलन व एकेरी अवतरणात द्या. विंडोजवर कॅटऐवजी टाइप वापरावे लागते, आणि क्लायंटचे एन्कोडिंग आधी यूटीएफ-८ करून घ्यावे लागते. नाहीतर केरीचे प्रश्नचिन्ह होऊन बसते.

दुसरा मार्ग सर्व्हरलाच फाइल वाचायला सांगण्याचा: फाइल बाइट म्हणून वाचून तिचे यूटीएफ-८ मजकुरात रूपांतर करणारी फंक्शने आहेत. इथे दोन गोष्टी नडतात. पथ सर्व्हरवरचा लागतो, तुमच्या लॅपटॉपवरचा नाही. आणि ती फाइल वाचण्याची परवानगी तुम्हाला नव्हे, पोस्टग्रेस ज्या युझरखाली चालतो त्याला हवी.

इन्सर्ट करताना एक्सएमएलपार्स ‘डॉक्युमेंट’ या शब्दासह वापरा. मुळात पोस्टग्रेस एका मूळ टॅगात न बसणाऱ्या तुकड्यालाही एक्सएमएल म्हणून चालवून घेतो, पण पुढच्या पायरीला तुकडा चालत नाही.

फाइल फोडणे

हे काम एक्सएमएलटेबल करते. ते २०१७ च्या १० व्या आवृत्तीपासून आहे. त्याआधीची आवृत्ती अजून चालवत असाल तर आधी ती बदला. रांग कुठली आणि तिच्यातून कुठले स्तंभ घ्यायचे, एवढेच त्याला सांगायचे. पावत्यांसाठी रांगेचा पथ ‘/खरेदी/पावती’. स्तंभांचे पथ: ‘@क्रमांक’, ‘@तारीख’, ‘गाव’ आणि ‘गाव/@तालुका’. आधी @ असेल तर तो गुणधर्म, नसेल तर आतला टॅग.

पोत्यांसाठी वेगळा फेरा घ्या. रांगेचा पथ ‘/खरेदी/पावती/पोते’, स्तंभ ‘वजन’ आणि ‘दर’. पोते कुठल्या पावतीचे ते ‘../@क्रमांक’ आणि ‘../@तारीख’ या पथांनी एक पायरी वर जाऊन आणायचे. काहीजण पावतीच्या रांगेतच ‘पोते’ हा एक्सएमएल स्तंभ काढून तो दुसऱ्या एक्सएमएलटेबलला देतात. एका पोत्याच्या पावतीवर ते चालते, दोन पोती आली की बिघडते, कारण दोन मूळ टॅग असलेला तुकडा म्हणजे पूर्ण दस्तऐवज नव्हे. तसेच करायचे असेल तर स्तंभाचा पथ ‘.’ ठेवून अख्खी पावती पुढे द्या आणि आतला पथ ‘/पावती/पोते’ लिहा.

पावतीच्या रांगेत थेट ‘पोते/वजन’ मागितलेत, तर स्तंभाच्या पथाने एकाहून जास्त मूल्ये दिली, अशी त्रुटी येईल. पहिलेच हवे असेल तर ‘पोते[1]/वजन’ लिहा. पोत्यांना अनुक्रमांक देताना एक्सएमएलटेबलच्या ऑर्डिनॅलिटीवर, म्हणजे त्याच्या रांगमोजणीवर, विसंबू नका. ती अख्ख्या फाइलभर सलग मोजत जाते, पावतीगणिक एकपासून सुरू होत नाही. ते काम रो-नंबर विंडो फंक्शनचे.

आता टाइप. पहिल्या फेरीत सगळे स्तंभ टेक्स्ट म्हणूनच घ्यावेत, हे आमचे ठाम मत. थेट न्यूमेरिक (संख्या) किंवा डेट (तारीख) लिहिले, तर एका वाईट रांगेपायी अख्खी फाइल परत जाते. आमच्या नमुन्यातले शेवटचे पोते पाहा: <दर/>. टॅगच नसता तर नल (मूल्यच नाही) मिळाला असता. टॅग आहे पण रिकामा आहे, म्हणून रिकामी स्ट्रिंग मिळते, आणि रिकाम्या स्ट्रिंगचा न्यूमेरिक होत नाही. टेक्स्ट घेऊन नलइफने रिकाम्याचा नल करा, मग टाइप बदला.

अंक देवनागरीत असले तरी हीच अडचण: ‘४१.५’ हा आकडा पोस्टग्रेसला कळत नाही. ट्रान्सलेट फंक्शनला दहा देवनागरी आणि दहा इंग्रजी अंक ओळीने दिले की सुटले. ‘1,25,000’ मधले स्वल्पविराम रिप्लेसने काढा.

तारखा सर्वांत घातकी. आमच्या नमुन्यात वर्ष आधी आहे, म्हणून धोका नाही. पण फाइलीत 12/04/2024 असेल आणि सर्व्हरची तारीखशैली अमेरिकी (महिना आधी) असेल, तर १२ एप्रिलचा मुकाट्याने ४ डिसेंबर होतो. 13/04/2024 वर मात्र त्रुटी येते. ती त्रुटी आली तर देवाचे आभार माना, कारण तिच्यामुळेच आधीच्या बारा दिवसांची गडबड उघड होते. टू-डेट फंक्शनला साचा स्पष्ट लिहून द्या.

मजकुराच्या कडेची रिकामी जागा हेही एक दुखणे आहे. टॅग आणि ‘केरी’ यांच्यामध्ये नवी ओळ असेल तर ती स्तंभात येते, आणि साधे ट्रिम फक्त स्पेस काढते, नवी ओळ तशीच राहते. काढायची चिन्हे त्याला नावानिशी द्यावी लागतात.

किल्ली कशाची ठेवायची

किल्ली म्हणजे ज्यावरून प्रत्येक रांग वेगळी ओळखता येते ते मूल्य. त्यासाठी पावती क्रमांक एकटा पुरत नाही. काजूचा हंगाम साधारण मार्च ते मे, आणि आर्थिक वर्ष त्याच्या बरोबर मध्ये, ३१ मार्चला संपते. १ एप्रिलला पावतीपुस्तक पुन्हा १ पासून सुरू होत असेल, तर एकाच हंगामात एकच क्रमांक दोनदा येतो. प्राथमिक किल्ली आर्थिक वर्ष आणि क्रमांक अशी जोडीची ठेवा. आर्थिक वर्ष काढायला तारखेतून ३ महिने वजा करून वर्ष घ्या: २८ मार्च २०२४ चे २०२३ येते, १२ एप्रिलचे २०२४. पोत्यांच्या टेबलात हीच जोडी परकी किल्ली (पावतीकडे बोट दाखवणारी) म्हणून जाईल.

गावाचेही तसेच. केरी सत्तरीत आहे, फोंड्यात आहे आणि पेडण्यातही आहे. म्हणून गावांचे टेबल वेगळे करून त्यात तालुका आणि गाव मिळून युनिक ठेवा. शिवाय वाळपई आणि वाळपय, म्हापसा आणि म्हापशें, मडगाव आणि मडगांव ही दोन-दोन रूपे एकाच फाइलीत सुखाने नांदतात. त्यांच्यासाठी पर्यायी नावांचे छोटे टेबल हाताने भरावे. आपोआप जुळवणारी युक्ती इथे जितकी वाचवते तितकीच बुडवते. भरण्याआधी एकाच अक्षराची वेगवेगळी संगणकी रूपे एक करणारे नॉर्मलाइझ फंक्शन चालवा, ते १३ व्या आवृत्तीपासून आहे. जुन्या कळफलकांनी ‘ऱ्य’ लिहिताना घातलेला अदृश्य जोडक मात्र तेही काढत नाही, त्यासाठी रिप्लेसने ‘र्’ आणि जोडक या जोडीच्या जागी ‘ऱ्’ घालावा लागतो.

दोन्ही टेबलांची भरणी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (झाले तर सगळे, नाहीतर काहीच नाही अशा गठ्ठ्यात) करा. वीज मध्येच गेली तर पावत्या आहेत आणि पोती नाहीत, अशी अवस्था नको.

शून्य रांगा आल्या तर

त्रुटी नाही, पण एकही रांग नाही, असे झाले की फाइलीच्या मुळाच्या टॅगकडे पाहा. तिथे नेमस्पेसची (टॅगनावे कुठल्या संचातली ते सांगणाऱ्या पत्त्याची) घोषणा असेल, तर ‘/खरेदी/पावती’ हा पथ कशाशीच जुळत नाही. एक्सेलमधून ‘एक्सएमएल स्प्रेडशीट २००३’ म्हणून सेव्ह केलेल्या फाइलींत हे हमखास असते. पोस्टग्रेस बिननावाचा नेमस्पेस स्वीकारत नाही. त्या पत्त्याला स्वतःच एक उपसर्ग द्या, समजा ‘ख’, आणि पथ ‘/ख:खरेदी/ख:पावती’ असा प्रत्येक पायरीवर उपसर्ग लावून लिहा. बिनउपसर्गाच्या गुणधर्मांना तो लावायचा नाही. तिथे ‘@क्रमांक’ तसाच राहतो.

विचारणे

आता सरासरी दर. दरांची सरळ सरासरी काढू नका, ती १२ किलोच्या आणि ८० किलोच्या पोत्याला एकाच मापाने मोजते. वजन गुणिले दर यांची बेरीज भागिले वजनांची बेरीज, हे बरोबर. पण आमच्या तीन पोत्यांवर हे चालवले तर उत्तर ९१.१७ येते, दर तर ११५ चाच आहे! कारण, दर नसलेले पोते वरच्या बेरजेतून गळाले (१८,२५६.२५) आणि खालच्या बेरजेत मात्र त्याचे ४१.५ किलो राहिले (२००.२५). ‘दर नल नसलेल्या रांगाच’ ही अट घाला, उत्तर ११५ येते. अशी बिनदराची पोती किती आहेत ते वेगळ्या स्तंभात दाखवा.

कच्च्या प्रतीत थेट डोकवायचे असेल तर पथ देऊन एक्सएमएलमधले मूल्य काढणारे एक्सपाथ फंक्शन आहे. ते अ‍ॅरे देते, म्हणून पहिला घटक घेऊन टेक्स्ट करावा लागतो. लक्षात ठेवा, त्याचे उत्तर एक्सएमएलच असते, त्यामुळे ‘बार & रेस्टॉरंट’मधला अँपरसँड तिथे सांकेतिक रूपातच राहतो; एक्सएमएलटेबलच्या टेक्स्ट स्तंभात तो सरळ होऊन येतो. दोन्हींची नावे एकमेकांशी जुळवायला गेलात तर जुळणार नाहीत.

भरणी पूर्ण झाली का, हे याच एक्सपाथने तपासा: पावत्यांची मोजणी आणि सगळ्या वजनांची बेरीज कच्च्या प्रतीतून घ्या आणि टेबलांशी ताडून पाहा. नमुन्यात २ पावत्या आणि २००.२५ किलो यायला हवे. एक्सपाथची बेरीज तरंगत्या दशांशांची असते, म्हणून दोन स्थळांपर्यंत गोल करूनच तुलना करा. हीच बेरीज दरांवर केलीत तर आकडाच येत नाही, ‘संख्या नाही’ असे उत्तर येते. एकच रिकामा टॅग त्याला पुरतो.

फाइल शंभर-दोनशे एमबीच्या पुढे गेली तर हा सगळा मार्ग जड होतो. एका रकान्याची मर्यादा १ जीबी आहे, पण त्याच्या कितीतरी आधी मेमरी संपते, कारण पार्स केलेले झाड मूळ मजकुराच्या कैक पट जागा घेते. तेव्हा पायथनच्या इटरपार्सने फाइल थोडी-थोडी वाचत जा आणि कच्च्या टेबलात एका रांगेत एकच पावती टाका. मग रांगेचा पथ ‘/पावती’ होईल आणि पोत्यांचा ‘/पावती/पोते’. वाचून झालेली पावती नुसती रिकामी करून भागत नाही. तिचे पोकळ टरफल मुळाला लटकून राहते आणि लाखभर टरफलांनीही मेमरी भरते, म्हणून ती मुळापासून काढूनच टाका.