काचेवरचे पांढरे डाग

गोव्यात मिरामार किंवा कोलव्याच्या किनाऱ्यावर गाडी उभी केली की काचेवर मिठाचा थर बसतो. तो साध्या पाण्याने जातो. न जाणारे गोल पांढरे डाग वेगळे. बोअरवेलच्या पाण्याने गाडी धुतली आणि उन्हातच सुकू दिली, की पाणी उडून जातं आणि त्यातला कॅल्शियम, मॅग्नेशियमचा क्षार काचेला चिकटून राहतो. साबणाला तो दाद देत नाही, आम्लाला देतो.

पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी एकत्र करा. आपलं माडाचं व्हिनेगर नको, ते सोरपोतेलसाठीच (डुकराच्या मांसाच्या गोवन कालवणासाठीच) ठेवा. त्याचा रंग आणि वास उगाच काचेवर राहतो. गाडी सावलीत, काच थंड. आधी धूळ धुऊन काढा, नाहीतर घासताना रेतीचेच ओरखडे पडतील. मग कापड व्हिनेगरच्या मिश्रणात भिजवून डागांवर पाचेक मिनिटं चिकटवून ठेवा. सगळी करामत या पाच मिनिटांची, घासण्याची नाही. उभ्या काचेवरून पाणी ओघळतं, म्हणून नुसतं फवारून भागत नाही. नंतर मायक्रोफायबरने हलकं पुसा, भरपूर पाण्याने धुवा आणि लगेच कोरडं करा. रंगावर, रबरावर ओघळलेलंही धुऊन टाका.

दोन-तीनदा करूनही डाग दिसतो? मग क्षाराने काचच कोरली असेल. तिथे काच घासणारं सेरियम ऑक्साइडचं पॉलिश लागतं, आणि ते काम मी तरी डिटेलिंगवाल्याकडेच, म्हणजे गाडीची बारीक सफाई-पॉलिश करणाऱ्याकडेच, देईन.